पोट भरले की रुसणारी मोटार

कोरेगाव म्हटले की पुण्याच्या माणसाला कोरेगाव पार्क आठवते आणि इतिहासाच्या वाचकाला भीमा-कोरेगाव. मी सांगणार आहे ती गोष्ट तिसऱ्या कोरेगावची. साताऱ्याच्या पूर्वेला, जरंडेश्वराचा डोंगर मागे टाकला की लागणारे हे तालुक्याचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्टेशन आहे, साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणारा रस्ता गावातून जातो, आणि वाघ्या घेवडा आवडीने खाणाऱ्यांना तर या गावाची ओळख करून द्यावीच लागत नाही. माझी थोरली बहीण, आमची आक्का, या गावात दिली त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली. दाजी तेथल्या हायस्कुलात गणित शिकवीत. निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली, तरी निम्मा बाजार त्यांना अजून ‘सर’ म्हणून नमस्कार करतो. आणि उरलेला निम्मा त्यांच्या हातची छडी आठवून रस्त्याच्या पलीकडून जातो!

दाजींच्या दारात एक लहानशी पेट्रोलची मोटार आहे. दहा-अकरा वर्षांची असेल. ती काही चैनीसाठी नाही. आक्काच्या मूत्रपिंडांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. चार तास यंत्राला जखडून पडायचे आणि मग घरी यायचे. एस.टी. आहे, वडाप आहे, सगळे आहे; पण चार तास रक्त गाळून घेतलेल्या माणसाच्या अंगात परतताना दांडीला धरून उभे राहण्याइतके त्राण नसते. तेव्हा ती मोटार म्हणजे आक्काच्या औषधपाण्याचाच एक भाग, असे म्हटले तरी चालेल.

आणि नेमकी हीच मोटार रुसू लागली. रुसण्याची तऱ्हा मोठी चमत्कारिक. सकाळी दारातून निघताना पहिल्या सेल्फला चालू. साताऱ्यात पाच तास उन्हात उभी राहिली तरी चालू. पण पंपावर पेट्रोल भरले, झाकण लावले, पैसे दिले आणि किल्ली फिरवली, की नुसते घुर्रर्र, घुर्रर्र! माणूस उपाशी असला की चिडतो. ही बया पोट भरले की चिडे.

भाऊबीजेचा दुसरा दिवस

गेल्या भाऊबीजेला मी कोरेगावला गेलो. आक्काने ओवाळले, कानोले वाढले. स्वतः मात्र डॉक्टरांच्या पथ्याप्रमाणे मोजून पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सातला तिघे निघालो. टाकी रिकामी होत आली होती, म्हणून दाजींनी गाडी नेहमीच्या पंपावर घेतली. तेथल्या पोराने पेट्रोल भरले. दाजींनी किल्ली फिरवली. घुर्रर्र!

पाच मिनिटे गेली, दहा गेली. मागे गाड्यांची रांग लागली. आम्ही गाडी ढकलून कडेला घेतली. आक्का मागच्या सीटवर पदराने घाम पुसत गप्प बसली होती. चाळीस मिनिटांनी गाडी कशीबशी खोकत, काळा धूर टाकीत चालू झाली. पण साताऱ्यात पोहोचेपर्यंत आक्काचा नंबर दुसऱ्याला दिला गेला होता. तिला दुपारचे यंत्र मिळाले. घरी परतायला रात्र झाली.

पण मला जे सांगायचे आहे ते पंपावर घडले. त्या चाळीस मिनिटांत दाजींचा तोल गेला. त्यांनी त्या पोराला चारचौघांत फैलावर घेतले. “पाणी मिसळता लेको! माणसे मरतील त्याची काही चाड?” मीही दोन शब्द आपल्या पदरचे घातले, ते आज आठवले की मान खाली जाते. पंपाचा मालक धावत आला. तो दाजींचाच विद्यार्थी. त्याने वाद घातला नाही. आधी गाळणकागद काढला, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला. शुद्ध पेट्रोल असेल तर दोनेक मिनिटांत उडून जाते आणि कागद कोरा राहतो. भेसळ असली तर डाग पडतो. कागद कोरा राहिला. मग त्याने घनता मोजून दाखवली. ती नोंदवहीतल्या आकड्याशी जुळली. पाच लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप आणून तेही भरून दाखवतो म्हणाला. (या तिन्ही गोष्टी कोणत्याही पंपावर मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.) पण कागदावर डाग पडला नाही तरी आमच्या मनावर पडला होता, तो काही निघेना. शेवटी मालकाने सरांचा मान राखायचा म्हणून त्या पोराला नोझलवरून काढले आणि चाकात हवा भरायला बसवले.

एक मेस्त्री आणि एक वही

या आधी, श्रावणापासूनच गाडीने तीनचारदा असा इंगा दाखवला होता. कोणी म्हणाले बॅटरी. दाजींनी बॅटरी बदलली. कोणी म्हणाले प्लग; तेही झाले. मोबाईलवर फिरणारे शहाणपण वाचून शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “सर, हे सगळं इथेनॉलचं!” आता इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीचे, रसाचे किंवा धान्याचे मद्यार्क. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. ज्या तालुक्यात चिमणगावला साखर कारखाना आहे आणि हंगामात रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी अडतो, तेथे उसालाच आरोपी करणे म्हणजे गंमतच.

शुक्रवारच्या त्या प्रकारानंतर दाजींनी गाडी एका मेस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, दारात जुन्या टायरांची रास, आत तेलकट बाकडे. मेस्त्री पन्नाशीचे, बोलायला कमी. मला वाटले, आता हे बोनेट उघडतील आणि काहीतरी खोलायला घेतील. त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. बाकड्यावर बसवून चहा मागवला आणि विचारले,

“सर, पेट्रोल भरल्यावरच रुसती, हे नक्की का?”

“नक्की म्हणजे? चार महिने बघतोय!”

“तसं न्हाई. पंपावर आपण दोन गोष्टी करतो. पेट्रोल भरतो, आणि गरम इंजिन धा मिंटं बंद ठेवतो. रुसती कशानं, भरल्यानं का थांबल्यानं?”

गणिताचा मास्तर क्षणभर गप्प झाला. प्रश्न बिनतोड होता. दोन कारणे एकाच वेळी हजर असतील, तर त्यांतले एक वेगळे काढल्याशिवाय गुन्हा कोणावर लावणार?

मेस्त्री सांगू लागले. कार्बोरेटरच्या जुन्या फियाट-ॲम्बॅसिडर गाड्यांना गरमीत थांबून पुन्हा निघण्याचीच व्याधी असे. इंजिन बंद झाले की पाणी फिरणे थांबते, पंख्याचा वारा थांबतो, पण लोखंडातली उष्णता कोठे जात नाही. ती नळीतल्या पेट्रोलला तापवते, त्याची वाफ होते, आणि पेट्रोल ओढणारा पंप वाफेवरच हात मारीत बसतो. खंबाटकीच्या घाटात बोनेट उघडून, पंपावर ओले फडके टाकून बसलेल्या गाड्या आमच्या पिढीने पुष्कळ पाहिल्या आहेत. आताच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि तो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. त्यामुळे ही व्याधी कमी झाली, पण गेली नाही. त्या पंपाची झडप गळकी झाली की बंद गाडीतला दाब उतरतो. इंजिनाचा वेग मोजणारा सेन्सरही गरम झाल्यावर दगा देतो. पण हे सारे रोग थांबल्याचे, भरल्याचे नव्हेत.

“आणि भेसळ?” मी विचारले.

मेस्त्री हसले. “पावणं, टाकीत आत्ता वतलेलं पेट्रोल लगीच इंजिनात जात न्हाई. नळीत अन् इंजेक्टरच्या पट्टीत जुनंच असतंय. पहिल्या सेल्फला गाडी जुन्या पेट्रोलवर चालू व्हायला पायजे. पाणी असलं तर जरा पुढं गेल्यावर झटकं देत बंद पडंल. ही तर जागची हालत न्हाई. मग त्या पोराचा काय दोष?”

माझ्या पोटात कालवले. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

मेस्त्रींनी सांगितले, पंधरा दिवस वही ठेवा. दाजींना एवढे सांगणे पुरे होते. शाळेच्या हजेरीपटासारखी रेघा मारून त्यांनी वही केली: तारीख, किती मिनिटे थांबलो, किती लिटर भरले, कोणत्या पंपावर, कितव्या सेल्फला चालू. मंगळवार-शुक्रवारी पेट्रोल भरायचे नाही. प्रयोग बाकीच्या दिवशी, एकट्याने.

पंधरा दिवसांनी वही काय बोलली ते ऐका. रहिमतपूरपर्यंत गाडी तापवून, रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे बंद ठेवली: पहिल्या सेल्फला चालू. त्याच पंपावर नेऊन, नुसती हवा तपासून दहा मिनिटे उभी केली: पहिल्या सेल्फला चालू. दोन लिटर भरले: दुसऱ्या सेल्फला. पंधरा लिटर भरले: चौथ्या सेल्फला. एका रविवारी साताऱ्यात जाऊन निराळ्याच पंपावर टाकी पूर्ण भरली: सहाव्या सेल्फला, तोही काळ्या धुरासकट.

वहीने तीन निकाल दिले. थांबण्याचा दोष नाही, भरण्याचा आहे. एका पंपाचा नाही, कोणत्याही पंपाचा आहे. आणि जितके जास्त भरावे तितकी रुसण्याची मात्रा जास्त. “हे तर सरळ प्रमाण!” असे दाजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात शोधाच्या आनंदापेक्षा शरमच अधिक होती.

भूक नव्हे, अजीर्ण

मेस्त्रींनी वही वाचली आणि म्हणाले, “आता एक काम करा. पुढच्या बारीला भरल्यावर रेसचा पाय पार तळाला दाबून धरा आणि मग सेल्फ मारा.” दाजींनी तसे केले. चार-पाच सेकंद घरघर झाली, आणि गाडी दोनदा शिंकून, पेट्रोलचा भपकारा सोडून चालू झाली.

यात जादू नाही. पेट्रोलचे इंजिन म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या मापाचा खेळ. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असली तरी ती पेटत नाही, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी पेटत नाही. म्हणजे उपासानेही चूल विझते आणि अजीर्णानेही. आता बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशी सोय असते की, ॲक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारला तर आतला संगणक समजतो, इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. आणि तो इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा आत जाते, साचलेली वाफ पातळ होते, ठिणगी पेट घेते. या उपायाने गाडी चालू झाली, याचा अर्थ ती भुकेली नव्हती. तिला आधीच जास्त झाले होते.

मग प्रश्न राहिला: इंजेक्टर मापाने देतात, तर हे जास्तीचे पेट्रोल येते कोठून?

याचे उत्तर समजण्यासाठी थोडे लांब जावे लागेल. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर एके काळी डोळे झोंबणारे पिवळट धुके बसे. आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, मोटारींतून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वाफा व धूर यांच्यावर ऊन पडून हे धुके तयार होते. तेव्हा ध्यानात आले की, मोटार नुसती उभी असली तरी टाकीतून पेट्रोलची वाफ हवेत जात राहते. कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून, आणि पुढच्या वर्षापासून साऱ्या अमेरिकेत, ती वाफ अडवण्याची सक्ती झाली. आपल्याकडेही प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून तर भारत स्टेज सहा देशभर लागू झाला. आज दारात उभ्या असलेल्या पेट्रोलच्या मोटारीत वाफ पकडण्याची ही व्यवस्था असतेच, मालकाला ठाऊक असो वा नसो.

व्यवस्था साधी आहे. टाकीच्या वरून एक नळी निघते आणि एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. कंपनीच्या भाषेत कॅनिस्टर. आमचे मेस्त्री त्याला ‘कोळशाचा डबा’ म्हणतात आणि तेच नाव खरे आहे. त्यात खास तयार केलेल्या कोळशाचे दाणे भरलेले असतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की, एका ग्रॅमची आतली-बाहेरची सगळी पृष्ठे उलगडून पसरली तर कित्येक शेकडो चौरस मीटर भरतील. टाकीतली वाफ त्या छिद्रांना चिकटून बसते. पुढे इंजिन चालू होऊन तापले की डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरची एक विजेची झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, बेताबेताने उघडते. इंजिन ती वाफ ओढून घेते आणि जाळून टाकते. हवा घाण होत नाही आणि पेट्रोलही वाया जात नाही. इंजिन बंद असताना ही झडप घट्ट मिटलेली असली पाहिजे. सारे मर्म येथे आहे.

समजा, ती झडप मिटेनाशी झाली. टाकीत तीस लिटर पेट्रोल ओतले, तर वाफेने भरलेली तीस लिटर हवा आतून बाहेर निघणार. तिच्यातली बरीचशी टाकीच्या तोंडातून बाहेर पडते. पंपावर नाकाला झोंबतो तो तिचाच वास. पण काही वाफ डब्याकडे जाते. शिवाय ओतताना घुसळलेल्या पेट्रोलची नवी वाफ झाकण लावल्यावर तिकडेच धाव घेते. वाटेतले दार सताड उघडे! वाफ सरळ इंजिनाच्या हवेच्या नळकांड्यात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये शिरते. किल्ली फिरवली की इंजिन आधी ही वाफ ओढते. संगणकाला याचा पत्ता नसतो, तो नेहमीच्या मापाने आणखी पेट्रोल सोडतो. झाले अजीर्ण! एकदा गाडी तापून चालू लागली की ही आगंतुक वाफ पचून जाते, म्हणून एरवी रोगाचा मागमूस लागत नाही. धोक्याचा दिवा लागेलच असे नाही. दाजींचा लागला नव्हता. आणि डिझेलच्या गाडीला हा रोग होतच नाही, कारण डिझेल असे सहजासहजी उडत नाही. म्हणून तर शेजारचा जीपवाला दाजींना हसत असे.

बोटाची परीक्षा

एवढे झाल्यावर मेस्त्रींनी पहिल्यांदा बोनेट उघडले. गार इंजिन चालू केले, पर्ज व्हॉल्व्हची डब्याकडून येणारी नळी काढली आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर दाजींचे बोट ठेवायला लावले. “ओढतंय का?” दाजींचे बोट चिकटले. गार इंजिनावर झडप मिटलेली असायला हवी, म्हणजे बोटाला काही जाणवता कामा नये. मग इंजिन बंद करून झडप काढली, तिची वीज तोडलेली होती, तरी स्वच्छ नळीने फुंकर मारली ती आरपार गेली. दार उघडे असल्याचे सिद्ध झाले.

तरी त्यांनी लगेच नवी झडप बसवली नाही, हे मला विशेष वाटले. जुनीच झडप परत बसवून इंजिनाकडची नळी चिमट्याने दाबून बंद केली आणि म्हणाले, “असंच जावा, पंधरा लिटर भरा.” दाजी भरून आले. पहिल्या सेल्फला चालू! जे काढले तर रोग जातो आणि सोडले तर रोग येतो, तेच कारण. गणिताच्या मास्तरांना याहून सुंदर सिद्धता कोणती हवी? मग चिमटा काढून नवा व्हॉल्व्ह लागला. चार महिन्यांत बॅटरी, प्लग आणि लोकांच्या सल्ल्यांवर जितके गेले त्याचा अल्प अंशसुद्धा त्याला लागला नाही.

पण गोष्ट येथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. मेस्त्रींनी जुना व्हॉल्व्ह फडक्यावर आपटला. त्यातून मोहरीएवढे काळे दाणे पडले. कोळसा! त्यांनी कोळशाचा डबा काढून हलवला, तर आत पेट्रोल डुचमळले. नुसती वाफ घ्यायला केलेल्या डब्यात पातळ पेट्रोल शिरले होते. त्याने डबा खराब झाला, दाणे सुटले आणि एक दाणा झडपेच्या ओठात अडकून बसला. मेस्त्रींनी दाजींकडे पाहिले.

“सर, तुम्ही टाकी कशी भरता?”

दाजी काही बोलले नाहीत. उत्तर मला ठाऊक होते. आक्काला घेऊन जाताना वाटेत पुन्हा थांबायला नको, म्हणून ते टाकी काठोकाठ भरून घेत. नोझल ‘खट्ट’ करून बंद झाले की सांगत, “अजून घाल. अजून. गळ्यापर्यंत येऊ दे.”

ही ‘खट्ट’ मोठी शहाणी असते. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. पेट्रोल वाहताना आत जो ओढा तयार होतो, तो त्या भोकातून हवा घेत राहतो. टाकीतले पेट्रोल चढत येऊन त्या भोकाला टेकले की हवा तुटते, ओढा आतला पडदा खेचतो आणि खटका पडतो. त्याला ना वीज लागते ना संगणक. टाकी करणाऱ्याने वर थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. पेट्रोल दहा अंशांनी तापले की जवळजवळ एक टक्का फुगते. जमिनीखालच्या गार टाकीतले चाळीस लिटर कोरेगावच्या उन्हात पंधरा अंशांनी तापले, तर अर्ध्या लिटरहून जास्त जागा मागते. ती जागाच आपण भरून टाकली, तर ते वाफेच्या नळीत शिरणार नाही तर काय करील?

आणि आता ती गोष्ट, जी आठवून दाजींना त्या रात्री झोप आली नाही. तो पंपावरचा पोरगा प्रत्येक वेळी म्हणत असे, “बस्स झालं, सर. खटका पडला.” आणि दाजी प्रत्येक वेळी त्याला दटावत, “तू मला शिकवू नको.”

वाचकांसाठी चार शब्द

ज्यांच्या दारी पेट्रोलची मोटार आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. खटका पडला की थांबावे. रुपयांचा आकडा पुरा करण्यासाठीसुद्धा आणखी घालू नये. गाडी भरल्यावर रुसली तर बॅटरी संपेतो सेल्फ मारू नये. दहा सेकंदांच्या आत सोडावा, थोडे थांबावे, आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबून पुन्हा पाहावे. चालू होताच पाय काढावा. हा उपाय तात्पुरता आहे. न जळालेले पेट्रोल वारंवार सायलेन्सरकडे गेले तर तेथला धूर शुद्ध करणारा महागडा भाग बिघडतो. नळ्या काढण्याचे प्रयोग पंपावर कधीही करू नयेत, आणि घरीही आगीपासून दूर, मोकळ्या हवेत, जाणत्याच्या हातून करावेत. आणि पैसे खर्चण्याआधी एक वही करावी. आठ आण्यांच्या बुद्धीने आठ हजार वाचतात.

वही दाखवायला दाजी दुसऱ्याच दिवशी पंपावर गेले. मी नव्हतो, आक्काने फोनवर सांगितले. गल्ल्यावर बसलेल्या मालकापुढे न जाता ते सरळ हवेच्या यंत्राकडे गेले. पोरगा उठून उभा राहिला; त्याला वाटले, पुन्हा बोलणी खावी लागणार. दाजींनी वही उघडून त्याला पानांमागून पाने समजावून दिली, वर्गात समजावीत तशी, आणि शेवटी म्हणाले, “उत्तर तुझे बरोबर होते. चुकले ते माझे.” मग मालकाला बोलावून त्यांनी तेच वाक्य, ज्या चारचौघांत आरोप केला होता तशाच चारचौघांत, मोठ्याने पुन्हा म्हटले. पोरगा त्याच दिवशी नोझलवर परत आला.

त्यानंतर मंगळवार-शुक्रवारचा एकही नंबर गाडीपायी चुकला नाही. मध्यंतरी मी कोरेगावला गेलो होतो, तेव्हा आम्ही तिघे पुन्हा त्या पंपावर थांबलो. खटका पडला. पोराने काचेतून आत पाहिले. दाजी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आक्काच म्हणाली, “बस्स रे बाळा, पुरे झालं.”

दाजींनी किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला चालू!